रायलीचे रडू आणि रायलीचा श्वास

‘इनसाइड आउट’चा दुसरा भाग पहिल्याइतका मनाला भिडतो का, या प्रश्नावर माझे आणि माझ्या भाचीचे जून २०२४ पासून एकमत झालेले नाही. माझे मत आधीच सांगून टाकते: भिडत नाही. दुसरा भाग चांगला आहे, मनापासून केलेला आहे, त्यातली शेवटाकडची दोन मिनिटे तर पहिल्या चित्रपटातल्या कोणत्याही प्रसंगाच्या तोडीची आहेत. तरीही पहिला चित्रपट पाहणाऱ्याकडून काहीतरी कायमचे काढून घेतो, आणि दुसरा जे काही काढून घेतो ते संपण्याआधी जवळजवळ सगळे परत आणून देतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. भाचीचे म्हणणे याच्या उलट आहे, आणि तिची कारणे लातूरच्या ट्यूशन एरियात अकरावी-बारावी काढलेल्या मुलीची आहेत, त्यामुळे ती मला बाजूला सारता येत नाहीत.

पिक्सर या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा पहिला ‘इनसाइड आउट’ २०१५ मध्ये आला आणि पीट डॉक्टर यांनी तो दिग्दर्शित केला. अकरा वर्षांची रायली अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आईवडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला राहायला जाते, एवढीच त्याची बाहेरची गोष्ट आहे. आतली गोष्ट तिच्या डोक्यातल्या पाच भावनांची आहे. सगळा कारभार आपल्या हाती ठेवणारी जॉय, निळ्या रंगाची, हळू बोलणारी, कुणालाच नको असलेली सॅडनेस, आणि त्यांच्या जोडीला राग, भीती व किळस. आठवणी तिथे रंगीत गोळ्यांच्या रूपाने साठतात, आणि सॅडनेसने हात लावला की सोनेरी आठवण निळी पडते. म्हणून जॉय खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढते आणि सॅडनेसला सांगते की तू याच्या आत उभी राहा, बाहेर येऊ नकोस. मुलांना हा प्रसंग गमतीचा वाटतो. मला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाही गमतीचा वाटला नव्हता, कारण अशी वर्तुळे काढणारी चांगली माणसे मी आयुष्यभर पाहत आले आहे.

या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण माझ्या मते फार लवकर येतो आणि कुणाचे लक्ष जाण्याआधी निघूनही जातो. सामानाची गाडी वेळेवर आलेली नाही, वडील नव्या धंद्याच्या काळजीत आहेत, आणि रात्री आई रायलीच्या उशाशी येऊन म्हणते की बाबांच्या डोक्यावर ताण आहे, आपण दोघी हसतमुख राहिलो तर त्यांना मोठीच मदत होईल. आईच्या बोलण्यात प्रेमच आहे आणि तिला मुलीविषयी कृतज्ञताही वाटते. पण त्या एका वाक्याने रायलीच्या रडण्याची वाट बंद होते, आणि पुढचा सगळा चित्रपट ही बंद झालेली वाट उघडण्याचा आहे.

हे मला इतके जवळचे का वाटले ते सांगायचे तर २०१६ चा उन्हाळा आठवावा लागतो. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येऊ लागले होते आणि देशभरच्या वाहिन्या आमच्या स्टेशनवर उभ्या होत्या. शहराचे हाल सगळ्यांनी पाहिले. त्याच्या आधीची वर्षे खेड्यांनी कशी काढली हे कमी लोकांनी पाहिले. औसा तालुक्यातली आमची विहीर त्याच्या आधीच आटलेली होती, भावाने जनावरे विकली आणि घराला कुलूप लावून तो बायको-मुलीसह चाकणला एका कारखान्यात कामाला गेला. ओसरी आणि अंगण असलेल्या घरातून दहा वर्षांची पोर दोन खोल्यांत राहायला गेली. भाऊ फोनवर अभिमानाने सांगायचा, “पोरगी एकदासुद्धा रडली नाही.” घरातल्या सगळ्यांनीच तिचे कौतुक केले. मराठवाड्यात दुष्काळाच्या काळात मुलींचे असे कौतुक फार होते. बाप अडचणीत आहे हे ओळखून जी काही मागत नाही, जी आजारपणसुद्धा अंगावर काढते, ती गुणाची. कौतुक करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते आणि त्यांना दुसरा इलाजही दिसत नसतो. पण त्या कौतुकाची किंमत कोण मोजते, हे मला त्या कार्टूनमधल्या आईने दाखवून दिले.

मेच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा आम्ही हा चित्रपट संगणकावर एकत्र पाहिला. शेवटी रायली पळून जाण्यासाठी बसमध्ये बसते, मग उतरून घरी येते आणि आईवडिलांसमोर एकदाची बोलते की मी आनंदी राहावे असे तुम्हाला वाटते, पण मला आपले जुने घर आठवते. त्या क्षणी भाची पाणी प्यायला म्हणून उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. रात्री अंथरुणावर तिने विचारले, “आत्या, आपल्या घराला आता कुलूपच राहणार का गं?” मी खरे ते सांगितले, की निदान काही वर्षे तरी राहणार. मग ती रडली, आणि शेजारच्या खोलीतून आलेल्या आईला मी खुणेनेच सांगितले की तिला गप्प करू नकोस.

चित्रपट हे नुसते म्हणून सोडत नाही, त्याची रीत दाखवतो. जॉय आणि सॅडनेस भावनांच्या मुख्यालयातून बाहेर फेकल्या जातात, आणि परतीच्या वाटेवर त्यांना बिंग बाँग भेटतो, रायलीच्या लहानपणीचा काल्पनिक सवंगडी. थोडा हत्ती, थोडे मांजर, बराचसा गुलाबी, आणि रडला की डोळ्यांतून गोळ्या-चॉकलेटे पडणारा. त्याची गाणे म्हटले की चालणारी लाल गाडी विस्मरणाच्या खाईत फेकली जाते आणि तो खचून बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडेवाकडे तोंड करून हसवू पाहते, कारण तिला पुढे जायची घाई आहे. काहीच जमत नाही. सॅडनेस मात्र त्याच्या शेजारी नुसती बसते, तुझी आवडती वस्तू गेली याचे मला वाईट वाटते असे म्हणते, आणि तो बोलतो ते ऐकते. बोलून झाल्यावर तो स्वतःच उठतो. जॉय अवाक होऊन विचारते की तू हे केलेस तरी कसे, आणि सॅडनेसकडे त्याचे उत्तर नसते. तो दुःखात होता म्हणून मी ऐकले, इतकेच तिला ठाऊक असते.

माझ्या आजीला हा प्रसंग समजावून सांगावा लागला नसता. आमच्याकडच्या बायकांची एक पिढी पहाटे जात्यावर बसून सासरचा जाच, मेलेले लेकरू, न आलेला भाऊ हे सगळे ओवीत घालून मोकळी होत असे, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंटा धरून बसलेली बाई त्यावर उपाय सुचवत नसे. ती दळत राही आणि ऐकत राही, कधी आपली ओवी त्याला जोडी. लेक सासरी निघाली की तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडण्याला आमच्या गावात कुणी कमीपणाचे मानत नव्हते. ही सोय आम्ही गेल्या दोन पिढ्यांत हातची घालवली, आणि तिच्या जागी मुलांना “पॉझिटिव्ह राहा” हा मंत्र दिला.

पीट डॉक्टर यांना ही गोष्ट सुरुवातीपासून सापडलेली नव्हती, हे कळल्यावर मला चित्रपटाविषयी अधिकच आदर वाटला. त्यांची स्वतःची मुलगी अकराच्या सुमारास एकाएकी अबोल झाली, तिथून कल्पना सुचली. पण पहिल्या आराखड्यात जॉयच्या बरोबर प्रवासाला भीती निघालेली होती. काही वर्षे काम झाल्यावरही गोष्ट जुळेना, तेव्हा एकदा फिरायला गेले असताना त्यांच्या मनात आले की हे काम आणि ही माणसे हातची गेली तर आपल्याला सर्वांत जास्त कशाची उणीव भासेल. उत्तर माणसे असेच आले, आणि त्यांच्या लक्षात आले की जी माणसे आपली वाटतात त्यांच्याबरोबर आपण आनंदाइतकेच रागाचे आणि दुःखाचे दिवसही काढलेले असतात. मग भीतीच्या जागी सॅडनेस आली. म्हणून तो चित्रपट पाहताना कुणी आपल्याला ठरवून ठेवलेला धडा देत आहे असे वाटत नाही. करणाऱ्याला जे उशिरा आणि कष्टाने उमगले तेच जॉयलाही उमगते: विस्मरणाच्या खाईत बसून ती एक सोनेरी आठवण मागे फिरवून पाहते, आणि मैत्रिणींनी रायलीला खांद्यावर उचलले त्या आनंदाच्या आधी ती सामन्यातला निर्णायक गोल हुकून झाडावर एकटी रडत बसलेली होती, ती रडत होती म्हणूनच सगळे तिच्याकडे आले, हे तिला दिसते.

त्यानंतर बिंग बाँग जातो. खाईतून वर येण्यासाठी दोघे त्या गाडीत बसून गाणे म्हणतात, दोनदा अपयश येते, आणि तिसऱ्या वेळी तो जॉयच्या नकळत गाडीतून उडी मारतो. वर पोचलेल्या जॉयला तो खालून सांगतो की माझ्यासाठी तिला चंद्रावर घेऊन जा, आणि विरून जातो. मला या प्रसंगात सगळ्यांत कठोर वाटते ते हे, की रायलीला याचा पत्ताही लागत नाही. तिच्यासाठी कुणी नाहीसे झाले आणि ती त्याच्यासाठी रडूही शकत नाही, कारण नाहीसे होणे म्हणजेच तिच्या स्मरणातून जाणे. ते रडण्याचे काम पाहणाऱ्यावर येऊन पडते. मुलांच्या चित्रपटात इतकी अंतिम, भरून न येणारी हानी दाखवायला फार धैर्य लागते, आणि पुढचा शेवटही ती हानी झाकत नाही. नवी आठवण तयार होते ती निळी आणि सोनेरी अशी दोन्ही रंगांची असते. बिंग बाँग मात्र परत येत नाही.

आता दुसऱ्या भागाकडे येते. पहिल्याच्या शेवटी रायलीच्या डोक्यातल्या नव्या यंत्रावर वयात येण्याचे एक मोठे लाल बटण दिसते आणि हे काय आहे याचा कुणाला पत्ता नसतो. दुसरा भाग त्या बटणातूनच सुरू होतो. जून २०२४ मध्ये आलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन केल्सी मान यांनी केले. रायली आता तेरा वर्षांची आहे, उन्हाळ्यात हॉकीच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाते, आणि तिच्या दोन्ही जिवलग मैत्रिणी पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार असल्याचे तिला वाटेत कळते. डोक्यात नारिंगी रंगाची, केस पिंजारलेली, हातात सामान घेऊन आलेली अँग्झायटी, म्हणजे चिंता, दाखल होते आणि तिच्याबरोबर मत्सर, कंटाळा व संकोच येतात. नवे लोक जुन्या पाचांना बरणीत बंद करून हद्दपार करतात. या चित्रपटाने जगभरात सुमारे १७० कोटी डॉलर मिळवले, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि काही काळ तो सर्वाधिक कमाईचा अ‍ॅनिमेशनपट होता. लोकांना तो आवडला यात शंका नाही. पण मी पाहत असताना मला सारखे जाणवत होते की ही वाट आपण चाललेली आहे. पुन्हा जॉय मुख्यालयातून बाहेर फेकली जाते, पुन्हा मनाच्या दूरदूरच्या प्रदेशांतून परतीचा प्रवास होतो, आणि शेवटी पुन्हा तिला कळते की रायलीला काय वाटावे हे ठरवण्याचा हक्क आपला नाही. पहिल्या भागात हे शिकलेली जॉय दुसऱ्याच्या सुरुवातीला वाईट आठवणी उचलून मनाच्या पिछाडीला पाठवून देताना दिसते, म्हणजे शिकलेले विसरून बसलेली दिसते, आणि हे विसरणे कसे झाले याची चित्रपट फारशी चौकशी करत नाही.

सॅडनेसच्या बाबतीत मला जास्त वाईट वाटले. जिच्या शेजारी बसण्याने पहिला चित्रपट उभा राहिला, तिला इथे मुख्यालयात चोरून परत जाण्याचे एक काम दिले आहे. भावना नऊ झाल्या, प्रत्येकीला दोन-चार वाक्ये द्यायची म्हटल्यावर कुणाजवळ बसायला कुणाला वेळ उरत नाही. मधली रायलीच्या गुपितांच्या तिजोरीतली पात्रे, ती कमरेला बांधायची बोलकी पिशवी, हे सगळे हसवते आणि पुढे सरकते. आणि अखेरीला काय हरवते म्हणावे, तर काहीच नाही. हद्दपार झालेले परत येतात, मागे फेकलेल्या वाईट आठवणी परत येतात, मैत्रिणी परत येतात, अँग्झायटीलासुद्धा आरामखुर्ची आणि चहा मिळतो. मैत्रिणी वेगळ्या शाळेत जाणार हे या गोष्टीतले खरे नुकसान आहे, आणि नेमके त्याच्याकडे चित्रपट फार वेळ पाहत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैत्रिणी सुटतात. भांडण मिटले तरी सुटतात. चाकणला गेल्यावर भाचीच्या गावातल्या मैत्रिणींचे फोन कसे कमी होत गेले ते मी पाहिले आहे, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता.

दुसरे-तिसरे भाग नेहमीच उणे पडतात असे मी मानत नाही. पिक्सरच्याच ‘टॉय स्टोरी’चा तिसरा भाग २०१० मध्ये, पहिल्यानंतर १५ वर्षांनी आला, आणि त्यात खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा होऊन कॉलेजला निघालेला होता. शेवटी तो आपली खेळणी एका लहान मुलीला देऊन टाकतो, तेव्हा पडद्यावरच्या मुलाइतकेच प्रेक्षकांतले मूलही मोठे झालेले असते आणि दोघे एकाच वेळी काहीतरी सोडून देतात. तिथे काळाने अर्धे काम केले होते. रायली मात्र नऊ वर्षांत फक्त दोन वर्षांनी मोठी झाली. दहाव्या वर्षी तिच्याबरोबर रडलेली माझी भाची दुसरा भाग पाहायला बसली तेव्हा अठराची होती, म्हणजे रायलीला मागे टाकून पुष्कळ पुढे गेलेली होती. हे अंतर चित्रपटाला भोवणार असे मला वाटले होते, आणि इथेच भाचीने माझ्या मताला धक्का दिला.

तो जून लातुरात कसा होता ते बाहेरच्यांना थोडे सांगायला हवे. आमच्या शहरात अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी साऱ्या मराठवाड्यातून, त्याच्याही पलीकडून मुले येतात. बीडची, परभणीची, नांदेडची, धाराशिवची. ऊस तोडायला जाणाऱ्यांचीही येतात आणि डॉक्टरांचीही येतात. हॉस्टेलची खोली, मेसचा डबा, सकाळपासूनच्या बॅचेस, रविवारची टेस्ट, आणि टेस्टनंतर मोबाइलवर येणारी रँकची यादी, असा त्यांचा दिवस. शहरभर फलकांवर गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो आणि गुण झळकत असतात, आणि यंदाची मुले रोज त्यांच्या खालून सायकलवर जातात. माझी भाची याच शहरात परत आली होती, माझ्या घरी न राहता अभ्यास व्हावा म्हणून हॉस्टेलवर राहिली होती. २०२४ चा नीटचा निकाल ४ जूनला लागला, ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण पडल्याचे जाहीर झाले, मग वाढीव गुणांवरून आणि पेपरफुटीच्या आरोपांवरून देशभर गदारोळ उठला, आणि त्या प्रकरणात आमच्या लातूरचेही नाव आले. ज्यांनी काहीच वावगे केले नव्हते अशा हजारो मुलांना आपल्या गुणांचा अर्थ काय लावायचा हेच कळत नव्हते. भाचीही त्यांतलीच. अशा दिवसांत तिचे मन थोडे दुसरीकडे जावे म्हणून मी तिला हा चित्रपट दाखवायला नेले.

चित्रपटात एक रात्रीचा प्रसंग आहे. अँग्झायटीने रायलीच्या कल्पनेच्या प्रदेशातल्या चित्रकारांना रांगेने कामाला बसवले आहे आणि उद्या काय काय बिघडू शकेल याची चित्रे ती त्यांच्याकडून एकामागून एक काढून घेत आहे. रायली अंथरुणात डोळे उघडे ठेवून ती पाहते. भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आमच्या हॉस्टेलवर रोज रात्री हेच.” मग तो शेवटचा सामना येतो. रायली इतकी आंधळी होऊन खेळते की आपल्याच मैत्रिणीला धडकून पाडते, आणि तिला दोन मिनिटांसाठी शिक्षेच्या खोक्यात बसवतात. तिथे तिची छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, बाहेरचे आवाज विरत जातात. आत अँग्झायटी यंत्राभोवती इतक्या वेगाने फिरत असते की तिचे नारिंगी वादळ होते, आणि त्या वादळाच्या मध्यभागी ती स्वतः डोळ्यांत पाणी घेऊन थिजलेली असते. तिलाही थांबता येत नसते. जॉय आत शिरते आणि तिला म्हणते की आता तिला सोड. पहिल्या चित्रपटात मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि पॉल एकमन यांचा सल्ला घेतला होता, दुसऱ्यात केल्टनर यांच्याबरोबर किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या लिसा डॅमूर होत्या, आणि त्या जाणकारीचा सर्वांत चांगला परिणाम या दोन मिनिटांत दिसतो. रायलीला कुणी समजावत नाही. खालच्या लाकडाचा स्पर्श, अंगावर पडलेले ऊन, स्वतःचा श्वास, असे एकेक करून जग तिच्यापाशी परत येते.

मी शेजारी पाहिले तेव्हा भाची रडत नव्हती. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि ती रायलीबरोबर श्वास घेत होती. बाहेर आल्यावर तिने सांगितले, “आत्या, मला फेब्रुवारीत टेस्टच्या हॉलमध्ये अस्संच झालं होतं. मला वाटलं, हार्टला काहीतरी झालं. घरी सांगितलं नाही. पप्पांनी उचल घेऊन फी भरलीय.” आठ वर्षे गेली होती आणि ती अजून बापाला हसतमुख राहून मदत करत होती.

घरी येताना मी तिला सांगितले की मला पहिलाच जास्त मोठा वाटतो, आणि वर लिहिलेली कारणे बहुतेक तशीच सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पहिल्यात रायली घरी येते, आई-वडील जवळ घेतात. यात ती त्या खोक्यात एकटीच असते की. मला हे जास्त खरं वाटलं.” यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. शिबिरात रायलीचे आईवडील नसतात, ही गोष्ट मी पाहताना नोंदवलीच नव्हती. मैत्रिणी जवळ येतात त्या तिचा श्वास जागेवर आल्यावर. तोवरचे जे काही आहे ते तिचे तिलाच निभवायचे असते. पहिला चित्रपट ज्याला कवेत घेणारे कुणी आहे त्याच्या दुःखाचा आहे, दुसरा जिथे कवेत घेणारे दोनशे-तीनशे किलोमीटर दूर आहेत तिथल्या घाबरण्याचा आहे, आणि आमच्या शहरातली मुले बहुतांशी दुसऱ्या ठिकाणी उभी आहेत.

एवढे मान्य करूनही माझे मत बदलत नाही. ती दोन मिनिटे बलवान आहेत, पण त्यांचे बरेचसे बळ पाहणारा घरून घेऊन येतो. ज्याला असा झटका कधी आलेला नाही त्याच्यासाठी तो प्रसंग नीट समजावून सांगितलेला एक अनुभव राहतो. माझ्या भावाने तो नंतर फोनवर पाहिला तेव्हा त्याने काळजीने विचारले की पोरांना खरेच असे होते का. पहिला चित्रपट त्याने पाहिला होता तेव्हा त्याला काहीही विचारावे लागले नव्हते. आईने उशाशी येऊन हसतमुख राहायला सांगितले तिथेच तो उठून बाहेर गेला होता. मनावर झालेल्या परिणामाची तुलना करताना मी ही कसोटी मानते: ज्याच्या आयुष्यात ती गोष्ट घडलेली नाही, किंवा घडलेली असून ज्याने ती ओळखलेली नाही, त्याच्याही आत ती चित्रपट घडवू शकतो का? पहिला घडवतो. त्यासाठी तो आधी तासभर वेळ घेतो, वर्तुळ काढून दाखवतो, गाडी फेकून दाखवतो, शेजारी बसून दाखवतो. दुसरा मुलांना ओळख देतो. आपल्याला जे होते ते इतरांनाही होते, त्याला नाव आहे आणि ते जाते, हे त्यांना पडद्यावर दिसते. लातूरच्या मुलांना या ओळखीची किती गरज आहे हे मला ठाऊक आहे, आणि इथल्या प्रत्येक हॉस्टेलने तो मुलांना एकदा तरी दाखवावा असे मला मनापासून वाटते. आईवडिलांना मात्र मी पहिला दाखवीन.

आमचा एक वाद अजून उरला आहे. दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी रायली संघात निवड झाली की नाही हे पाहायला फोन उघडते, पाहते, आरशात स्वतःकडे बघून हसते, आणि चित्रपट संपतो. यादीत नाव होते की नव्हते हे आपल्याला सांगितले जात नाही. मला हा शेवट संपूर्ण दुसऱ्या भागातला सर्वांत धीट निर्णय वाटतो, कारण इथे हा चित्रपट पहिल्यासारखा पाहणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतो आणि परत देत नाही. ज्या शहरात निकाल फलकांवर लावतात तिथे बसून तो पाहताना मला फार बरे वाटले. भाचीला मात्र त्याचा राग आला. “सिलेक्शन झालं का नाही, ते तरी सांगायला पाहिजे होतं,” असे ती त्या दिवशी म्हणाली. प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून ती छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेल्यावर मी पुन्हा विचारले, तेव्हाही तिचे म्हणणे तेच होते. तिच्या मते ती हसली त्यावरून नाव होतेच. मी म्हणते, नसेलही.